सारथ्य आणि निरोप

गेल्या मार्गशीर्षात एका घरगुती कार्यानिमित्त पुण्याहून साताऱ्यास जाण्याचा योग आला. मोटार माझ्या भाचीची होती आणि सारथ्यही तिच्याकडेच होते. ही मुलगी मोटार फार जपून चालविते, हे प्रथमच सांगून ठेवले पाहिजे. कारण पुढे जे सांगावयाचे आहे, त्याचे मर्म तिच्या निष्काळजीपणात नसून तिच्या सावधपणातच आहे. निघताना तिने पट्टा बांधला, मलाही बांधावयास लावला, आणि फोन पर्समध्ये टाकून पर्स मागच्या बैठकीवर ठेवून दिली. मोटार सुरू होताच तो फोन तिथल्या तिथूनच समोरच्या पडद्याशी जोडला गेला. पडद्यावर वाटेचा नकाशा उमटला आणि एक जुने नाट्यगीत ऐकू येऊ लागले.

शिरवळ मागे टाकून आम्ही खंबाटकीच्या पायथ्याकडे निघालो होतो. तोच गाणे आपोआप थांबले आणि एका यांत्रिक आवाजाने इंग्रजीत विचारले, की आईचा निरोप आला आहे, वाचून दाखवू काय? भाचीने होकार दिला. माझ्या बहिणीने रोमन अक्षरांत लिहिलेले मराठी त्या आवाजाने अशा काही साहेबी उच्चारांत वाचले, की 'कुठपर्यंत आलात, जेवायला थांबू का' या साध्या वाक्याचा अर्थ लावण्यास आम्हां दोघांनाही क्षणभर डोके खाजवावे लागले. आम्ही हसलो. मी म्हणालो, "उत्तर दे तिला, नाहीतर ताई काळजी करत बसेल." भाचीने दोन्ही हात चक्रावर आणि दृष्टी समोर ठेवून उत्तर सांगितले. यंत्राने ते परत वाचून दाखविले. त्यात 'खंबाटकी' या शब्दाचे त्याने भलतेच काही केले होते, म्हणून तिने ते पुन्हा सांगितले. तेवढ्यात डोक्यावर गवताचा भारा घेतलेली एक बाई दुभाजकाच्या फटीतून रस्त्यावर उतरली होती. आमच्या मोटारीचा वेग कमी होत नाही असे पाहून ती झटकन मागे सरली, भारा डोलला, आणि आम्ही पुढे निघून गेलो. काही झाले नाही. थोड्या वेळाने मी म्हणालो, "ती बाई थोडक्यात मागे झाली हो!" भाचीने विचारले, "कोण बाई, मामा?"

तिने ती बाई पाहिलीच नव्हती. डोळे समोर होते, ऊन लख्ख होते, मध्ये कसलाही आडपडदा नव्हता. तरी नव्हती पाहिली. त्या दोन शब्दांच्या प्रश्नाने मला तेव्हापासून जे सतावले आहे, तेच वाचकांपुढे मांडण्याचा हा प्रयत्न आहे.

ज्या योजनेमुळे हा प्रसंग घडला तिचे स्वरूप प्रथम पाहिले पाहिजे. तिची निंदा करण्याची घाई मला नाही. ॲपल कंपनीने 'कारप्ले' आणि गूगलने 'ॲन्ड्रॉइड ऑटो' या नावाने ही सोय २०१४ साली जगापुढे मांडली. तिची कल्पना मोठी चतुर आहे. मोटारीतील पडदा येथे स्वतः फारसे काही करीत नाही. नकाशा काढणे, गाणे निवडणे, निरोप उतरवून घेणे ही सारी कामे फोनच करतो. इंटरनेटही त्याचेच असते. फोन आपल्या कामाचे चित्र पडद्याकडे पाठवितो आणि पडदा आपल्यावर पडलेल्या बोटाच्या स्पर्शाची वर्दी फोनला देतो. हा संबंध यूएसबीच्या तारेने जोडता येतो, किंवा तारेवाचूनही. तारेवाचून जोडताना ब्लूटूथ प्रथम दोघांची ओळख करून देते आणि पुढचा सारा व्यवहार वाय-फायवरून चालतो. मोटार दहा वर्षे जुनी झाली तरी फोन नवा घेतला की पडद्यावरचा संसार नवा होतो, ही त्यातील मोठी सोय.

ह्या योजनेच्या मुळाशी एक सद्धेतूही आहे. माणसे मोटार चालविताना मांडीवर फोन ठेवून, मान खाली घालून निरोप वाचतात व लिहितात, हे सर्वांस ठाऊक होते. ही सवय सुटत नसेल तर निदान हात चक्रावर आणि डोळे रस्त्यावर राहतील असे काही करावे, हा विचार त्यामागे होता. म्हणून आलेला निरोप सामान्यतः अक्षरांत न दाखविता वाचून ऐकविला जातो. उत्तर बोटांनी न लिहिता तोंडाने सांगावयाचे असते. आणि गाडी चालू असताना चालकाला अक्षरे टंकित करू न देण्याची खबरदारी घेतलेली असते. फोन हातात धरण्यापेक्षा हे शतपट बरे, असे कोणी म्हटले तर मी त्याच्याशी वाद घालणार नाही. परंतु दोन वाइटांतले कमी वाईट ते चांगले ठरते काय, हा प्रश्न तरीही शिल्लक राहतो.

कायद्याची दृष्टीही हातावरच खिळलेली आहे. आपल्याकडील १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात २०१९ साली जी दुरुस्ती झाली, तिने वाहन चालविताना हातात धरावयाच्या संपर्कसाधनाचा वापर करणे हे धोकादायक वाहन चालविण्यात स्पष्टपणे गणले. पुढे २०२० साली नियमांत असेही घालण्यात आले, की असे साधन केवळ मार्ग पाहण्यासाठी आणि तेही चालकाची एकाग्रता न भंगेल अशा रीतीने वापरावे. ह्या दुसऱ्या नियमात 'एकाग्रता' ही कल्पना आली आहे हे लक्षात घेण्यासारखे आहे. पण रस्त्यावर उभ्या असलेल्या पोलिसाला ती दिसावी कशी? त्याला दिसतो तो हात. चक्रावर दोन्ही हात ठेवून मनाने साताऱ्याच्या स्वयंपाकघरात जाऊन बसलेल्या चालकास तो सलाम करून पुढे जाऊ देतो, आणि त्यात त्याचा काहीही दोष नाही. कायदा दिसणाऱ्या गोष्टींवर चालतो, तसा त्याने चालावेही. परंतु ज्याला कायदा शासन करीत नाही ते सारे निर्दोष, असे मानण्याची जी सुखकर सवय आपणा सुशिक्षितांस लागली आहे तिचे काय? नीतीला पोलिसाचे डोळे उसने घेण्याचे कारण नाही. आपले मन कोठे होते हे तिला माहीत असते; कारण ते आपल्याला माहीत असते.

आता हात आणि डोळे मोकळे असताना मन खरोखरच इतके गुंतते काय? याविषयी तर्क करीत बसण्याची गरज उरलेली नाही. टोरोंटो येथील रेडेलमायर व टिब्शिरानी यांनी १९९७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले, की फोनवर बोलत असताना अपघाताचा संभव सुमारे चौपट होतो, आणि फोन हातात न धरता बोलणाऱ्यांस त्यातून विशेष सूट मिळत नाही. यूटा विद्यापीठातील डेव्हिड स्ट्रेयर आणि त्यांचे सहकारी यांनी २००३ साली याच्या पुढचे पाऊल टाकले. त्यांनी कृत्रिम रस्त्यावर चालकांना बसवून त्यांची नजर कोठे कोठे पडते हे यंत्राने टिपले आणि रस्त्याकडेच्या ज्या फलकांवर ती पडली होती तेच नंतर त्यांना ओळखावयास सांगितले. फोनवर बोलत असलेल्यांना त्यांतील कितीतरी फलक ओळखता आले नाहीत. नजर फलकावर टेकली होती, पण फलक दिसला नव्हता! 'कोण बाई, मामा?' हा प्रश्न त्या प्रयोगशाळेत किती निरनिराळ्या स्वरूपांत विचारला गेला असेल, असे मला वाटून गेले.

आवाजाने चालणाऱ्या यंत्रांविषयीचे निष्कर्ष तर अधिकच विचार करावयास लावणारे आहेत. अमेरिकेतील 'एएए फाउंडेशन' या संस्थेने २०१५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दिसले, की यंत्राला तोंडाने आज्ञा देऊन संपल्यावरही मन पूर्णपणे रस्त्यावर परतावयास काही वेळ जातो, आणि सर्वांत त्रासदायक यंत्रांच्या बाबतीत तो वेळ २७ सेकंदांपर्यंत जातो. ताशी १०० किलोमीटर वेगाने धावणारी मोटार एका सेकंदात सुमारे २८ मीटर पुढे जाते. २७ सेकंदांत ती पाऊण किलोमीटर गेलेली असते. म्हणजे निरोप संपला, उत्तर गेले, गाणे पुन्हा सुरू झाले, तरी पाऊण किलोमीटरपर्यंत चक्रामागे पुरते कोणी बसलेलेच नाही! इंग्लंडमध्ये 'आयएएम रोडस्मार्ट' या संस्थेसाठी २०२० साली झालेल्या प्रयोगांत उपर्युक्त दोन योजनांचीच परीक्षा घेतली गेली. नुसत्या आवाजाने त्या वापरल्या तरी चालकाची प्रतिक्रिया एकीस ३० तर दुसरीस ३६ टक्क्यांनी मंदावली; पडद्यास बोट लावून वापरल्या तेव्हा हेच प्रमाण पन्नास टक्क्यांच्या पुढे गेले. तेथील कायद्याने मान्य केलेल्या मर्यादेइतके मद्य घेतल्यास हा मंदपणा सुमारे १२ टक्के असतो. ज्या घरात मद्याचा पेला वर्ज्य आहे, त्या घरातील सोज्ज्वळ माणसे मद्यप्यापेक्षा मंद होऊन रस्त्यावर हिंडत असतील, ही कल्पना आपल्या अभिमानास रुचणारी नाही. पण रुचत नाही म्हणून ती खोटी ठरत नाही.

वस्तुतः हा शोध आपणांस नवा वाटावयास नको होता. आपल्या न्यायदर्शनाने मनाची व्याख्याच मुळी यावरून केली आहे. डोळा, कान, त्वचा ही इंद्रिये एकाच वेळी आपापल्या विषयांशी भिडलेली असतात. असे असून सर्वांचे ज्ञान एकदम का होत नाही? गौतमाचे उत्तर असे, की इंद्रियांखेरीज मन म्हणून एक पदार्थ आहे, तो अणुपरिमाण आहे, आणि तो ज्या इंद्रियाशी जोडला जाईल त्याचेच ज्ञान त्या क्षणी होते. एकाच वेळी दोन ज्ञाने उत्पन्न न होणे हीच मनाची खूण. यावर प्रतिपक्षी विचारीत, की लांबलचक कुरकुरीत शष्कुली खाणाऱ्याला तिचे रूप, गंध, रस, स्पर्श आणि आवाज ही पाचही एकदम कळतात, त्याची वाट काय? नैयायिक म्हणत, एकदम कळत नाहीत. मन इतक्या त्वरेने एकीकडून दुसरीकडे धावते की एकदम कळल्याचा भास होतो. शंभर कमलपत्रांची चळत सुईने भोसकली तर ती एका झटक्यात भोसकल्यासारखी वाटते, पण सुई प्रत्येक पान क्रमानेच भेदते. जळते कोलीत गरगर फिरविले म्हणजे अग्नीचे अखंड वर्तुळ दिसते. वस्तुतः कोलीत एका क्षणी एकाच जागी असते.

हा अलातचक्राचा दृष्टान्त मला मोटारीतील माणसाच्या स्थितीला फार चपखल वाटतो. मी रस्ताही पाहतो आणि निरोपही ऐकतो, असे जो म्हणतो तो खोटे बोलत नाही. त्याला तसे वाटतेच. त्याच्या अवधानाचे कोलीत रस्ता आणि निरोप यांच्यामध्ये भराभर फिरत असते आणि त्यातून अखंड जागृतीचे वर्तुळ त्याला दिसत असते. पण गवताचा भारा घेतलेली बाई त्या वर्तुळाच्या नेमक्या अशा बिंदूवर येऊन उभी राहते, की जेथे त्या क्षणी कोलीत नसते. आणि यातील क्रूर विनोद असा, की आपले लक्ष तेथे नव्हते हे समजण्यासाठीसुद्धा लक्षच लागते. म्हणून असा चालक प्रामाणिकपणे विचारतो, 'कोण बाई?'

यावर काही आक्षेप येतील, आणि ते उडवून लावण्याजोगे नाहीत. पहिला आक्षेप असा, की मग शेजारी बसलेल्या माणसाशीही बोलू नये काय? मामांनी वाटभर तोंडाला कुलूप लावून बसावे काय? पण शेजारचा माणूस आणि दूरचा निरोप यांत मोठा भेद आहे. शेजारच्याला रस्ता दिसत असतो. समोरून ट्रक येताच तो वाक्य अर्ध्यावर सोडतो, वळण आले की गप्प बसतो, प्रसंगी "अगं, सांभाळ!" असे ओरडतोही. तो एकाच नावेतील उतारू असतो. दूरच्या माणसास यातले काहीच दिसत नाही. त्याच्या लेखी चालक हा दिवाणखान्यातील खुर्चीवर बसलेला असतो. (त्या दिवशी शेजारी बसूनही मी ओरडलो नाही, उलट उत्तर देण्याचा आग्रह धरला, तो दोष माझा आहे, शेजारपणाचा नाही.) दुसरा आक्षेप असा, की मोटारीत रेडिओ आला तेव्हाही अमेरिकेत १९३० च्या सुमारास त्याविरुद्ध अशीच ओरड झाली होती आणि ती पुढे आपोआप विरून गेली. खरे आहे. पण रेडिओ उत्तर मागत नाही. गाणे कानावरून वाहून जाऊ देता येते. निरोप मात्र आपले नाव घेऊन येतो, आणि ज्यावर आपले नाव आहे ते वाहून जाऊ देणे फार थोड्यांना साधते.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. भाड्याची मोटार चालविणारा, दुचाकीवरून घरोघर जेवण पोचविणारा, यांच्यापुढे निरोप हा विरंगुळा नसून पोट आहे. हातातली फेरी संपण्यापूर्वीच पुढच्या फेरीची सूचना येते, आणि काही क्षणांत ती स्वीकारली नाही तर ती दुसऱ्याच्या पदरात पडते. अशा माणसाला एकाग्रतेचा उपदेश करणे म्हणजे उपाशी माणसास उपवासाचे माहात्म्य सांगण्यासारखे आहे. हे मी मान्य करतो. पण त्यातून जबाबदारी नाहीशी होत नाही. ती केवळ जागा बदलते. ज्यांनी त्याच्या कामाची रचना केली त्यांच्याकडे ती जाते, आणि जेवण दहा मिनिटे उशिरा आले म्हणून तो वाटेवर असतानाच 'कुठे आहात?' असे विचारणाऱ्या आपल्याकडेही ती येते. तो जेव्हा त्या प्रश्नाचे उत्तर देतो तेव्हा रस्ता ओलांडणाऱ्याचा आणि त्याचा स्वतःचाही जीव आपल्या भुकेवरून ओवाळून टाकलेला असतो.

सारथ्यासंबंधी आपल्याकडील एक जुनी कथा येथे आठवते. कर्कोटकाच्या दंशाने कुरूप झालेला नल बाहुक या नावाने ऋतुपर्ण राजाचा सारथी होतो आणि दमयंतीच्या दुसऱ्या स्वयंवराची वार्ता ऐकून एका दिवसात विदर्भास पोचण्यासाठी वाऱ्याच्या वेगाने रथ हाकतो. वाटेत राजाचे उत्तरीय उडून पडते. ते आणवावे असे राजा म्हणतो, तर नल सांगतो, की ते आता एक योजन मागे राहिले. ते काही मिळत नाही. एवढी ज्याला घाई! पण थोड्या वेळाने एक बेहड्याचा वृक्ष दिसतो आणि राजा आपल्या गणितविद्येच्या बळावर त्याच्या पानाफळांची संख्या एका दृष्टिक्षेपात सांगतो. नलाला त्याचा पडताळा पाहावयाचा असतो. तेव्हा तो काय करतो? तो रथ थांबवितो. राजा आर्जव करतो, की उशीर होईल. नल ऐकत नाही, खाली उतरतो, झाड तोडून मोजणी करतो आणि मगच पुढे निघतो. महाभारतातील या प्रसंगाकडे आपण आजवर अक्षविद्या व अश्वविद्या यांच्या विनिमयाची कथा म्हणून पाहिले. मला आता त्यात सारथ्याचा एक नियम दिसतो. अश्वांचे हृदय जाणणाऱ्या, जगातील सर्वश्रेष्ठ सारथ्याला घोडे धावत असताना पाने मोजता आली असती असे वाटले नाही. मोजावयाचे तर थांबावयाचे. न थांबावयाचे तर मोजावयाचे नाही. उत्तरीयाच्या वेळी त्याने दुसरा मार्ग घेतला, वृक्षाच्या वेळी पहिला. परंतु दोन्ही मार्ग एकदम घेतले नाहीत. गीतेचाही संवाद सारथी आणि रथी यांच्यातील आहे. पण तो सुरू होण्यापूर्वी रथ दोन्ही सैन्यांच्या मध्ये आणून उभा केलेला आहे, हे आपण सहसा ध्यानात घेत नाही.

आता मूळ नैतिक प्रश्नाकडे येतो. माझे लक्ष माझे आहे. ते मी कोठे द्यावे हा माझ्या स्वातंत्र्याचा प्रश्न आहे, असे आपण समजतो, आणि घरात, बागेत, वाचनालयात ते खरेही आहे. परंतु मोटारीच्या चक्रामागे बसताक्षणी ते खरे राहत नाही. दीड टन लोखंड रस्त्यावर घेऊन येण्याची परवानगी समाजाने आपल्याला दिली, ती एका न लिहिलेल्या करारावर: जोपर्यंत हे लोखंड चालते आहे तोपर्यंत तुझे लक्ष तुझे नाही, ते वाटेवरच्या प्रत्येकाकडे गहाण आहे. भारत सरकारच्या आकडेवारीप्रमाणे २०२२ साली आपल्या देशात रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली, आणि त्यांत सुमारे एकपंचमांश पायी चालणारे होते. ज्यांनी कोणतेही यंत्र हाती घेतले नव्हते, ज्यांचा पडदा नव्हता, ज्यांना कोणाचा निरोप आला नव्हता, अशी ही माणसे. त्यांचा विश्वास आपल्या ओळखीवर नसून केवळ आपल्या अवधानावर असतो. गहाण ठेवलेली वस्तू मधल्यामध्ये दुसऱ्यास उसनी देणे, मग ते पाच सेकंदांसाठी का असेना आणि आईला का असेना, याला व्यवहारात आपण काय म्हणतो ते निराळे सांगावयास नको.

'पण काही झाले तर नाही ना?' असे म्हणून मी त्या दिवशी मनाची समजूत घातली होती. नंतर विचार करता माझ्या ध्यानात आले, की काही झाले नाही याचे श्रेय आमच्याकडे मुळीच नव्हते. भाचीचे हात, डोळे, पट्टा, वेगमर्यादा, सारे यथास्थित असूनही त्या बाईला वाचविले ते तिच्या स्वतःच्या पायांनी. ती तरुण होती, तिला आम्ही दिसलो, आणि ती मागे सरली. तिच्या जागी एखादी वृद्धा असती, किंवा तीच क्षणभर अन्यमनस्क असती, तर आम्हां दोघांचे उरलेले आयुष्य निराळे झाले असते. एक जन्मभर निष्पाप राहतो आणि एक जन्मभर अपराधी. दोघांच्या वर्तनात तिळमात्र फरक नसतो. आमची निर्दोषता ही त्या बाईच्या चपळाईने आम्हांस घातलेली भीक होती. अशा भिकेला आपले पुण्य समजणे हे मला आता लाजिरवाणे वाटते.

मात्र सगळा भार चालकावर टाकून मोकळे होणे न्यायाचे नाही. तो निरोप पाठविला माझ्या बहिणीने, प्रेमाने; त्याचे उत्तर देण्याचा आग्रह केला मी, तोही प्रेमानेच. आपल्या घरांत सध्या प्रेमाचे माप उत्तराच्या त्वरेवरून करण्याची चाल पडली आहे. निरोप वाचल्याची खूण उमटूनही उत्तर आले नाही की आपण रागावतो, आणि खूणच उमटली नाही की घाबरतो. आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळी माणूस प्रवासास निघाले की खुशालीचे कार्ड चार दिवसांनी येई. ते चार दिवस घरची माणसे काळजी करीत नसत असे नाही. पण ती काळजी देवापुढच्या दिव्याशी बसून सोशीत, प्रवाशाच्या मानेवर नेऊन ठेवीत नसत. मला त्या काळाची महती गावयाची नाही. त्या चार दिवसांत कितीदा खरोखरच वाईट घडलेले असे आणि ते कळण्यासही उशीर होई. परंतु त्या माणसांपाशी एक सामर्थ्य होते, जे आपण गमावून बसलो आहो. आपले माणूस काही काळ आपल्यापुरते नाहीसे होऊ शकते, आणि तसे होण्याचा त्याला हक्क आहे, हे त्यांना पेलत असे. आपल्याला सतत उपस्थित माणसे हवी आहेत. पण जो सगळीकडे उपस्थित असतो तो जेथे आहे तेथे नसतो. मोटारीच्या बाबतीत एवढेच, की त्याच्या त्या नसण्याची किंमत दुसरा कोणीतरी देतो.

म्हणून मोटारीतून पडदा उपटून टाकावा असे मी म्हणत नाही. अनोळखी शहरात वळण सांगणारा नकाशा ही भल्याची सोय आहे. दर चौकात काच खाली करून पत्ता विचारणारा चालक काही कमी भ्रमिष्ट नसतो. माझे म्हणणे एवढेच आहे, की यंत्राने 'निरोप आला आहे, वाचू काय?' असे विचारले म्हणजे तो प्रश्न खरोखरीचा प्रश्न आहे हे आपण ओळखावे. त्याला 'नको' हेही उत्तर आहे. आणि फारच निकड वाटली तर नलाने घालून दिलेला मार्ग आहे: रथ बाजूस घ्यावा, थांबवावा, आणि मग पाने मोजावी.

आमच्या घरात त्यानंतर एक लहानसा बदल झाला आहे. मी ताईला त्या दिवशीची हकीकत सांगितली. ती बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, "म्हणजे ती बाई माझ्या निरोपाखाली आली असती." मी म्हणालो, तुझ्या निरोपाखाली आणि माझ्या आग्रहाखाली. तेव्हापासून आम्ही दोनच निरोपांचा नेम केला आहे: एक 'निघालो', एक 'पोचलो'. मधले तास ताई कशी काढते ते मी जाणतो. जेवण झाकून ठेवते, दाराशी येऊन जाते, फोन हातात घेते आणि परत ठेवते. भाची म्हणते, की त्या वेळात मोटारीत फार शांत वाटते, आणि पहिले काही दिवस त्या शांततेची भीती वाटत होती.

शिरवळच्या पुढे त्या दुभाजकाच्या फटीपाशी आलो, म्हणजे मी हल्ली रस्त्याच्या दोन्ही अंगांस पाहतो. ती बाई पुन्हा दिसलेली नाही, आणि दिसली तरी मला ती ओळखू येणार नाही. तिच्या डोक्यावरचा भारा तेवढा मला आठवतो. चेहरा मीही पाहिला नव्हता.